मास्तरीण शिकायला बसते

रविवारी दुपारी एकला बेकरीचं शटर खाली आलं आणि सगळे वरच्या हॉलमध्ये जमले. निकाल या हॉलचाच लावायचा होता, म्हणून बैठकही इथेच. ही अण्णांची कल्पना. ज्याच्यावरून भांडायचं ते डोळ्यांसमोर असलं की माणसं जपून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. पंच्याऐंशी वर्षांत त्यांनी या घरातली बरीच भांडणं पाहिली होती, त्यातली निम्मी स्वतः सुरू केली होती, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होतं.

त्यांच्या धाकट्या मुलाने आदल्या दिवशीच टेप लावून भिंती मोजल्या होत्या. खिशातल्या चिठ्ठीवर आकडे होते. भट्टी थोरल्याची, दुकान धाकट्याचं, ही वाटणी वीस वर्षांपूर्वीची; पण दुकानाच्या मागे पाव थंड व्हायला ठेवले की पाय टाकायला जागा उरत नसे. पॅकिंगचं टेबल वर आणायचं, बिस्किटांचे डबे वर रचायचे. आठ महिने तो हेच सांगत होता, आणि आठ महिने थोरली वहिनी एकच उत्तर देत होती, "माझा कोर्स संपू द्या, मग बोलू."

आता कोर्स संपत आला होता. गुरुवारी शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा.

"वहिनी, मी सरळ विचारतो, राग मानू नका," धाकट्याने सुरुवात केली. "मॉन्टेसरी म्हणजे बालवाडीच ना? गाणी म्हणायची, डबा खायचा, घरी जायचं. त्याला वर्षभर काय शिकायचं असतं? आणि तुम्ही चोवीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलात. तुम्हाला कोण काय शिकवणार?"

"मलाही तसंच वाटलं होतं," मास्तरीण म्हणाली.

घरात तिला मास्तरीणच म्हणत. ती या घरात सून म्हणून आली तेव्हाही शाळेत होती, आणि शाळा सोडून दोन वर्षं झाली तरी नाव चिकटलेलंच होतं. एक्कावन्नाव्या वर्षी तिने जाहीर केलं की आपण पुन्हा शिकायला जाणार, तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला होता आणि थोरला म्हणाला होता, "डबा किती वाजता लागेल?" नवऱ्याची संमती यापेक्षा लांबलचक शब्दांत तिला कधी मिळाली नव्हती.

"वर्ग काढलास तर इथे किती मुलं घेणार?" अण्णांनी विचारलं.

"जास्तीत जास्त बारा. तीन ते सहा वयाची. सगळी एकत्र."

"बारा मुलांसाठी एवढा हॉल!" धाकट्याने चिठ्ठी बाहेर काढली. "खाली माझी चार माणसं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी असतात. शिंक आली तर आळीपाळीने द्यावी लागते."

"मुलांना हलायला जागा लागते. बसवून ठेवायचं नसतं त्यांना."

"मग शाळा कसली ती!"

इतका वेळ गप्प असलेली धाकटी, म्हणजे त्याची बायको, एकदम म्हणाली, "आपली मुंगी इथे आली तर काय वाईट आहे?"

धाकट्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. सकाळपर्यंत ही बाई त्याच्या बाजूने होती. पॅकिंगच्या टेबलाला कोणत्या रंगाचा सनमायका लावायचा इथपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

"तिच्या शाळेतून परवा तिसरी चिठ्ठी आली," धाकटी अण्णांना सांगू लागली. "मुलगी फार हळू आहे, वर्गाबरोबर येत नाही, घरी तयारी करून घ्या. साडेचार वर्षांच्या पोरीची काय तयारी करायची? तिला चपला घालायला दहा मिनिटं लागतात, म्हणून तर मुंगी म्हणतो आपण. इथे घरातल्या घरात, ताईंच्या नजरेखाली राहिली तर माझाही जीव भांड्यात पडेल. पोरीची आई बिचारी ड्युट्या करून अर्धी झालीय, जावई सहा-सहा महिने बोटीवर."

या नातीसाठी धाकटा बेकरीसुद्धा विकायला निघाला असता. त्याने चिठ्ठीची घडी घातली. हॉलकडे पाहिलं. पूर्वेच्या तीन खिडक्या, ऊन थेट जमिनीवर. पॅकिंगला उन्हाचा तसा उपयोगही नव्हता. उलट बिस्किटांना तूप सुटतं.

"नाही म्हणजे," तो म्हणाला, "मागच्या शेडचा पत्रा बदलला तर तिथेही टेबल..."

"मुंगी इथे येणार नाही."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे धाकट्याची मुलगी उभी होती. नर्स झाल्यापासून सगळं घर तिला सिस्टर म्हणे, अगदी वडीलसुद्धा. रात्रीची ड्युटी करून आली होती, तीन तास झोपली होती, आणि दुपारच्या जादा ड्युटीला पुन्हा निघायची होती. जाताना मुंगीला मैत्रिणीच्या घरी सोडायचं होतं.

* * *

सिस्टरने ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. हॉल कोणाला मिळतो याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पण आईने मुंगीचं नाव काढलं, वडिलांनी चिठ्ठीची घडी घातली, आणि तिच्या मुलीचं तिला न विचारता ठरून गेलं. याआधी एकदा तिचं स्वतःचंही असंच ठरलं होतं.

"का गं?" धाकटीने विचारलं. "लहानपणचं ते अजून..."

"हो. अजून." सिस्टर आत आली, पण बसली नाही. "मी नऊ वर्षांची होते. चौथीत. काकूंच्या वर्गात बसायचं म्हणून केवढी खूश होते मी! पहिल्याच दिवशी सांगितलं, वर्गात काकू म्हणायचं नाही, बाई म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. मी म्हटलं, बरं. मग दुसऱ्या आठवड्यात बाईंनी पाहिलं की मी डाव्या हाताने लिहिते."

सगळ्यांना माहीत होतं, पण या घरात ते मोठ्याने कोणी उच्चारलं नव्हतं.

"रुमालाने हात बाकाला बांधला. सहा दिवस. पाणी प्यायचं असलं तर विचारून सोडवून घ्यायचा. मुलं मला लुळी म्हणायची. घरी येऊन मी बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले, काकूने केलं म्हणजे भल्यासाठीच केलं असणार. आई म्हणाली, तिच्यासमोर रडू नकोस, तिला वाईट वाटेल." ती थांबली. "तिला वाईट वाटेल!"

धाकटा जमिनीकडे बघत होता.

"आज मी उजव्या हाताने लिहिते. माझं अक्षर वाचून डॉक्टर म्हणतात, सिस्टर, तुम्हीच डॉक्टर व्हायला हवं होतं. पण वॉर्डात एखाद्याची शीर सापडत नसली की मला बोलावतात. मी डाव्या हाताने सुई लावते आणि एका टोचण्यात सापडते. हा हात काही वाईट नव्हता." तिचा आवाज चढला नाही. दिवसभर आजारी माणसांशी बोलून तिला आवाज खाली ठेवायची सवय झाली होती. "मुंगी पण डावखुरी आहे. तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलंय की नाही, माहीत नाही. काकू, तुम्ही काय वाटेल ते शिका, माझी ना नाही. पण माझी मुलगी मी तुमच्या हाती देणार नाही."

त्या आठवड्यापासून तिने काकूला पुन्हा कधी "तू" म्हटलं नव्हतं. घरातसुद्धा.

* * *

मास्तरणीला वाटलं होतं की हा दिवस आला तर आपण काहीतरी समजावून सांगू. तेव्हाची शाळा तशी होती. वरून तपासणी यायची. सगळेच बाई-गुरुजी तेच करायचे. ही सगळी वाक्यं तिच्याकडे वर्षानुवर्षं तयार होती. आता त्यांतलं एकही तोंडातून बाहेर यायला तयार नव्हतं.

"आठ दिवस," ती म्हणाली.

"काय?"

"सहा नाही, आठ दिवस. पुढच्या सोमवारी आणि मंगळवारीही बांधला होता. बुधवारी तू आपणहून उजव्या हातात पेन्सिल घेतलीस आणि मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तुझ्या लक्षात नसेल. माझ्या आहे."

थोरला खिडकीपाशी बसला होता. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. हे त्यालाही नवीन होतं.

"आमच्या कोर्सच्या केंद्रात एक मोठ्या बाई आहेत," मास्तरीण सांगू लागली, कोणा एकाकडे न बघता. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला मुलांच्या वर्गात कोपऱ्यात बुटक्या खुर्च्यांवर बसवलं. दोन तास. बोलायचं नाही, हसायचं नाही, कोणाला मदत करायची नाही. फक्त बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. मी म्हटलं, यात काय? चोवीस वर्षं मुलंच बघितलीत. मी पंधरा मिनिटांत पान भरलं. निळ्या शर्टातला मुलगा आळशी आहे. वेण्यांवाली मुलगी हट्टी आहे. खिडकीजवळचा हुशार, पण आगाऊ."

"बरोबरच असणार," धाकटी पुटपुटली.

"मोठ्या बाईंनी पान परत केलं. विचारलं, आळस तुम्हाला दिसला कुठे? त्याचा रंग कोणता होता? दिसलं ते लिहा. मी पुन्हा लिहिलं. मुलगा कंटाळलेला आहे. परत आलं. कंटाळा हा तुमचा अंदाज. मी तिसऱ्यांदा लिहिलं, परत आलं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या बाकीच्या पंचवीस-तिशीच्या पोरी. त्यांची पानं पास होत होती आणि माझं होत नव्हतं. मला इतका संताप आला! म्हटलं, उद्यापासून येत नाही."

"मला नाही बोललीस," थोरला म्हणाला.

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, मग उद्या डबा नको का."

अण्णांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

"चौथ्या दिवशी लिहायला काही उरलंच नाही, म्हणून नुसती बघत बसले. त्या निळ्या शर्टाच्या मुलाकडे एक डबी होती. तो झाकण लावत होता. मी मोजलं. अकरा वेळा लावलं, बसलं नाही. बाराव्यांदा बसलं. त्याने वर पाहिलं नाही, कोणाला दाखवलं नाही. झाकण काढलं आणि पुन्हा लावायला लागला. मी एवढंच लिहिलं. मोठ्या बाई वाचून म्हणाल्या, आज तुम्ही मुलाकडे पाहिलंत." ती जरा थांबली. "मी जिन्यात जाऊन बसले. सिस्टर, मला तू आठवलीस. बाकावर बसलेली. मी त्या आठ दिवसांत तुझी वही रोज तपासली. अक्षर सुधारतंय का ते रोज पाहिलं. तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही."

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"चुकले मी," मास्तरीण म्हणाली. "तेव्हाच म्हणायला हवं होतं. पंचवीस वर्षं उशीर झाला."

सिस्टरने पर्स खांद्याला लावली. तिचा चेहरा जरा सैल झाला होता, पण निश्चय नाही.

"तुम्ही म्हणालात ते बरं केलंत," ती म्हणाली. "खरंच बरं केलंत. पण वहीत लिहिणं वेगळं आणि मूल हातात असणं वेगळं. बारा पोरं एकदम रडायला लागली की माणूस पूर्वीचाच होतो, हे मी वॉर्डात रोज बघते. मला माझ्या मुलीवर प्रयोग नकोय. मुंगी, चल."

* * *

मुंगी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. शेजारी तिच्या पट्ट्याच्या सँडल होत्या, बकलवाल्या, मागच्याच आठवड्यात घेतलेल्या. रोज सकाळी आई त्या दहा सेकंदांत लावून मोकळी व्हायची.

सिस्टर वाकली, तशी मुंगीने पाय मागे घेतला. "मी."

"बाळा, उशीर होतोय."

"मी लावते."

"अगं, बस चुकेल आईची. आण इकडे," धाकटी पुढे झाली. तिच्या मागोमाग धाकटा. "मी लावतो, आजोबा लावतात," असं म्हणत तो गुडघे धरून खाली बसायलाही लागला. एका बकलाभोवती तीन मोठी माणसं गोळा झाली. मुंगीचा खालचा ओठ बाहेर आला.

मास्तरीण हॉलच्या दारात होती. तिने सिस्टरकडे पाहिलं आणि विचारलं, "मी तिला एकदा दाखवू का? नको म्हणालीस तर नको."

सिस्टरने घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "दाखवा."

मास्तरीण मुंगीच्या डाव्या बाजूला पायरीवर बसली. "मुंगी, तुझी एक सँडल मला देतेस?" मुंगीने विचार केला आणि दिली. मास्तरणीने ती मांडीवर घेतली. त्यानंतर ती एक अक्षरही बोलली नाही.

तिने उजवा हात सँडलच्या तळाखाली धरला, नुसता आधाराला. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी पट्ट्याचं टोक उचललं. थांबली. टोक बकलच्या चौकटीत सरकवलं. थांबली. पलीकडून निघालेलं टोक चिमटीत धरून ओढलं. बकलची काडी पट्ट्याच्या भोकावर आली, तर्जनीने ती दाबली, आत गेली. उरलेला पट्टा लूपमध्ये. सगळं इतकं सावकाश की बघणाऱ्याला प्रत्येक हालचाल वेगळी मोजता यावी. मग तसंच उलट्या क्रमाने सोडवलं, सँडल मुंगीसमोर ठेवली, दोन्ही हात मांडीत घेतले आणि नजर जिन्याच्या कठड्याकडे वळवली.

मुंगीने सँडल पायात घातली. पट्टा चौकटीत जाईना. टोक दुमडलं. पुन्हा घातलं, उलट बाजूने गेलं. धाकट्याचा हात आपोआप पुढे आला. अण्णांनी आपली काठी त्याच्या मनगटावर आडवी ठेवली. थोरला दारात येऊन उभा राहिला. बेकरीचं सगळं खानदान जिन्यात उभं राहून एका पोरीचा पाय बघत होतं.

चौथ्यांदा पट्टा गेला. काडी बसेना. मुंगीची जीभ दातांत आली. एकदा, दोनदा, तीनदा. आणि मग काडी भोकात गेली, अगदी लहानसा आवाज झाला.

धाकट्याने टाळी वाजवायला हात उचलले. मास्तरणीने नुसती मान हलवली आणि त्याने ते तसेच खाली आणले. मुंगीने कोणाकडेच पाहिलं नाही. तिने दुसरी सँडल ओढली. ती पहिलीपेक्षा लवकर लागली. मग दोन्हींकडे पाहून तिने एक सुस्कारा टाकला, वाकली आणि दोन्ही बकलं सोडली.

"अगं बाई! पुन्हा सोडलं!" धाकटी म्हणाली.

"आता ती आपल्यासाठी लावत नाहीये," मास्तरीण हळूच म्हणाली. "स्वतःसाठी लावतेय."

सिस्टर मात्र मुलीच्या पायाकडे बघत नव्हती. ती काकूच्या मांडीतल्या हातांकडे बघत होती.

"तुम्ही डावखुऱ्या नाही आहात," ती म्हणाली.

"नाही."

"मग हे कधी शिकलात? केंद्रात असं शिकवतात?"

"नाही. परीक्षेत उजव्या हातानेच करून दाखवायचं असतं मला."

थोरल्याने घसा खाकरला. तो बोलणार असं दिसलं की घरात सगळे थांबत, कारण ते क्वचित घडे. "मी पहाटे खाली उतरतो तेव्हा ही पिठाच्या टेबलाच्या टोकाला बसलेली असते. चार महिने झाले. डाव्या हाताने पाणी ओतते, बटणं लावते, कात्री धरते, काय काय. पाण्याचे तीन जग फोडले. एकदा माझ्या मळलेल्या पिठात भरल्या जगातलं सगळं पाणी गेलं. मी विचारलं, हे काय नवीन? म्हणाली, अभ्यास."

"हिवाळ्यात मुंगी माझ्याजवळ चित्र काढत बसली होती," मास्तरीण म्हणाली. "तेव्हा पाहिलं मी तिचा हात. मी उजव्या हाताने दाखवलं तर तिला ते मनातल्या मनात उलटं करून घ्यावं लागेल. आधीच जग तिला घाई करतंय. तेवढं तरी तिचं काम वाचवावं, म्हटलं."

"पण मी पाठवणार आहे असं कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणीच नाही."

"मी कधीच पाठवलं नसतं तर?"

मास्तरणीने जरा विचार केला. "तर मला डाव्या हाताने पाणी ओतता आलं असतं."

सिस्टरला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले, आणि दोन्हींपैकी काय आवरावं हे न कळून ती तिथेच पायरीवर बसली. मुंगीच्या दुसऱ्या बाजूला. मुंगीने तिला कोपराने सरकवलं. तिला जागा लागत होती.

ड्युटीची बस गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी थोरल्यानेच बेकरीची गाडी काढली.

निघायच्या आधी सिस्टर म्हणाली, "मी लगेच हो म्हणत नाहीये. वर्ग सुरू झाला की पहिला आठवडाभर मी येऊन बसणार. रोज. कोपऱ्यात. मला जर काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी तिला घेऊन जाईन, आणि मग कोणी मला समजावायला यायचं नाही."

"खुर्ची बुटकी असेल," मास्तरीण म्हणाली. "आणि बोलायचं नाही, मदत करायची नाही."

"तुम्हाला चार दिवस लागले. मी नर्स आहे. मला पहिल्या दिवशी जमेल."

अण्णांनी काठी टेकवली. "आणि पॅकिंगचं काय?"

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. तो अजून नातीजवळ उकिडवा बसलेला होता.

"मागच्या शेडचा पत्रा बदलू," तो म्हणाला. "टेपने मोजलंय म्हणून सांगतो वहिनी, या हॉलमध्ये बारा नाही, पंधरा मुलं सहज मावतील. पण तुम्ही बाराच घ्या. पोरीला हलायला जागा राहू दे."

* * *

गुरुवारी थोरला मास्तरणीला केंद्रावर सोडायला गेला आणि परत आलाच नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची भट्टी दुसऱ्या माणसाने सांभाळली. केंद्राच्या व्हरांड्यात तो हातावरचं पीठ खरवडत बसून राहिला. आत टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या होत्या. एक उचलायची, त्यात जे येईल ते साहित्य घेऊन परीक्षकाला करून दाखवायचं, जणू परीक्षकच चार वर्षांचं मूल आहे. मास्तरणीने गुलाबी मनोरा, खरखरीत अक्षरं, सिलिंडरचे ठोकळे, सगळं पाठ केलं होतं. हाताने लिहिलेल्या सहा जाडजूड फायली. चिठ्ठीत निघालं: खुर्ची उचलून नेणं.

शेजारची पंचविशीतली मुलगी हळहळली, "अरेरे मावशी, एवढंसंच?"

पण मास्तरणीला माहीत होतं की सगळ्यात अवघड तेच. एक हात पाठीला, एक हात बैठकीखाली. उचलायची. चालायचं. खाली ठेवताना आधी मागचे दोन पाय, मग पुढचे, आणि आवाज होता कामा नये. चोवीस वर्षं तिने "खुर्च्या ओढू नका" असं ओरडून सांगितलं होतं. ती कशी उचलायची हे एकाही मुलाला दाखवलं नव्हतं. तिने खुर्ची खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला नेली आणि ठेवली. परीक्षक बाईंनी कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी मान डोलावली.

घरी अण्णा दुकानाच्या ओट्यावर वाट बघत होते. "किती टक्के?"

"टक्के देत नाहीत, अण्णा."

"मग पास झालीस हे कळलं कसं?"

"मोठ्या बाईंनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, बसा बाई, आता आपण बरोबरीच्या."

अण्णा उठले, आत गेले आणि ताज्या बिस्किटांची बशी स्वतःच्या हातांनी भरून आणली. या घरात सुनेसाठी त्यांनी हे कधी केलं नव्हतं, आणि आपण करतोय हे कोणाच्या लक्षात येऊ नये अशी त्यांची धडपड सगळ्यांच्या लक्षात आली.

दोन महिन्यांनी वरचा हॉल सुरू झाला. बुटकी कपाटं, लहान जग, चटयांच्या गुंडाळ्या. पहिल्या दिवशी सात मुलं आली. त्यातली चार रडली, एक कपाटाखाली शिरला, एकाने मास्तरणीच्या हाताला चावा घेतला. सिस्टर कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. रात्रपाळी संपवून सरळ तिथेच आली होती. तिने काकूचा चेहरा पाहिला. चावलेला हात काकूने मागे घेतला, चोळला, गुडघ्यावर बसली आणि त्या मुलाला म्हणाली, "दुखलं मला." बस, एवढंच. आवाज चढला नाही. सिस्टरने वहीत तसंच लिहिलं: चावला. खाली बसल्या. दुखलं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीनच रडली. मुंगीने चटई उलगडायला आणि गुंडाळायला पाऊण तास घेतला आणि तो पाऊण तास कोणी तिच्याकडून काढून घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी साडेनवाच्या सुमारास मुंगी पाणी ओतत होती. एका जगातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. थेंब सांडला की स्पंजने पुसायची आणि पुन्हा सुरू करायची. आई खोलीत आहे हे ती विसरून गेली होती. सिस्टरने वही मिटली, उठली, खुर्ची ओढायला गेली, मग थांबली आणि ती उचलून भिंतीशी ठेवली. मास्तरीण दारापर्यंत आली.

"अजून तीन दिवस आहेत तुझे," ती कुजबुजली. "काय झालं? काही दिसलं का?"

"नाही."

"ड्युटी आहे का?"

"रात्रीची आहे." सिस्टरने चपला घातल्या. तिचे डोळे लाल होते, तीन दिवसांच्या जागरणाने. "घरी जाऊन झोपते, काकू. दुपारी घ्यायला येते तिला."

आणि ती जिना उतरून गेली.